खांब तुमचा नाही

कांजूरमार्ग पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्गावर उतरलं की फरशा, नळ, प्लाय, सनमाइका, बिजागऱ्या असं घराला लागणारं सगळं सामान हाताशी मिळतं. हल्ली त्या सामानाबरोबर ड्रिल मशीनही घरी येतं. ते आलं याचा मला आनंद आहे. पडद्याचा पाइप लावायला आठवडाभर कुणाची तरी वाट बघायची, गळक्या नळाखाली बादली ठेवून दिवस काढायचे, हे किती काळ चालायचं? आपल्या घरातल्या नळाचा वॉशर आपल्याला बदलता आला पाहिजे. कपाटाचं दार सरळ बसवता आलं पाहिजे. सागवानी खुर्ची घासून, पॉलिश करून पुन्हा उभी करता आली पाहिजे.

मला धास्ती आहे ती पुढच्या पायरीची. चार फळ्या नीट लागल्या की माणूस भिंतीकडे बघायला लागतो. ही काढली तर हॉल मोठा होईल. खांबाचा कोपरा थोडा तासला तर फ्रिज बरोबर आत जाईल. व्हिडिओत तर एका दिवसात झालं होतं!

२५ जुलै २०१७ रोजी याच लालबहादूर शास्त्री मार्गालगत, घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली साईदर्शन इमारत कोसळली. १७ माणसं गेली. तळमजल्यावर पूर्वी नर्सिंग होम असलेल्या जागेत नूतनीकरण चालू होतं. खांबांना हात घातला होता असं रहिवाशांनी सांगितलं, गुन्हा दाखल झाला, अटक झाली. वरच्या मजल्यांवरच्या कुटुंबांचा त्या कामाशी संबंध एवढाच की ती त्याच खांबांवर राहत होती. त्याआधी २००७च्या जुलैमध्ये बोरिवलीत लक्ष्मीछाया इमारत पडली, तेव्हाही बोट तळमजल्यावरच्या दुकानातल्या तोडफोडीकडेच होतं. दहा वर्षांत आपण काय शिकलो, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो, कारण आजही कुठल्याही सोसायटीत ब्रेकरचा आवाज आला तर शेजारी फक्त खिडकी लावून घेतात. काय फोडताय, असं विचारायला कुणी जात नाही.

‘माझं घर आहे, मी काहीही करीन’ असं म्हणणाऱ्याला एकच सांगायचं आहे. घर तुमचं आहे, खांब तुमचा नाही. तुळई तुमची नाही, स्लॅबही तुमची एकट्याची नाही. वरच्याची जमीन तीच तुमचं छत आणि तुमची जमीन तेच खालच्याचं छत.

कायद्यानं ही रेघ मारून ठेवलेली आहे, आणि ती आश्चर्य वाटावं इतकी स्पष्ट आहे. १८८८च्या मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम ३४२मध्ये किरकोळ दुरुस्तीत काय काय येतं ते दिलं आहे. गिलावा, रंग, फरशी बदलणं, संडास-बाथरूमची दुरुस्ती, नळ, सांडपाण्याचे पाइप, विजेची जोडणी. ही कामं महापालिकेच्या परवानगीविना करता येतात. आणि काय येत नाही तेही दिलं आहे. भार पेलणारी भिंत किंवा इमारतीच्या सांगाड्याचा भाग काढणं अथवा बदलणं, जमीन खाली घेणं, पोटमाळा किंवा नवा माळा घालणं. अर्ध्या पानाचा मजकूर आहे. सोसायटीच्या फलकावर तो कधी लावलेला पाहिलात? गाडी कुठे लावू नये याच्या सूचना मात्र चार रंगांत असतात.

परवानगी लागत नाही म्हणजे धोका नाही, असंही नाही. फरशीचंच घ्या. जुनी फरशी काढायची कटकट नको म्हणून तिच्यावरच नवी बसवतात. दोन इंचांचा मसाला धरला तर त्याचं वजन चौरस मीटरला सुमारे १०० किलो, वर टाइलचे वीस-बावीस. दहा बाय बाराच्या खोलीत हे सव्वा टनाच्या पुढे जातं. राहत्या घराची स्लॅब माणसं आणि सामान यांच्यासाठी साधारण चौरस मीटरला २०० किलोच्या हिशेबानं आखतात. म्हणजे अर्ध्याहून अधिक वजन तुम्ही एका दुपारी कायमचं लादलंत, आणि वर कपाटं, पलंग, पाहुणे यायचेच आहेत. जुनी फरशी काढा. धूळ होईल, दोन दिवस जास्त लागतील, तरी काढा.

तीच गोष्ट झिरीची. पाइप किंवा वायर आत दडवायची म्हणून मिस्त्री कटर फिरवतो. चार इंची विटांच्या भिंतीत ते खपून जातं. खांबात नाही. खांबाच्या सळईवर साधारण ४० मिलिमीटर काँक्रीटचं आवरण असतं, आणि पाइप पुरेल इतकी झिरी त्यातलं बहुतेक खाऊन टाकते. कांजूरच्या पूर्वेला ठाण्याची खाडी आहे, हवा दमट आणि खारी. आवरण गेलं की सळई गंजते, गंजून फुगते आणि उरलेलं काँक्रीट आतून फोडते. हे पाच-सात वर्षांनी दिसतं. तोपर्यंत त्यावर सुंदर वॉलपेपर चिकटवलेला असतो आणि घर कदाचित विकूनही झालेलं असतं.

नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी तर जास्तच सावध राहायला हवं. मुंबईतल्या अनेक नव्या उंच इमारती अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या असतात. त्यांत खोल्यांमधल्या भिंतीही सळई घातलेल्या काँक्रीटच्या असतात आणि भार त्याच पेलतात. तिथे ‘ही मधली भिंत आहे, काढली तर काय होतंय’ हे वाक्य सरळ चूक आहे. आणि जुन्या, खांबच नसलेल्या इमारतीत नऊ इंची विटांची भिंत हाच खांब. बोटानं टकटक करून हे कळत नाही. त्यासाठी इमारतीचा आरसीसी नकाशा बघावा लागतो आणि तो वाचू शकणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो. त्याची फी चुकवून नव्या टीव्हीत घालणारे लोक आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला राग आहे.

हे सगळं वाचून कुणी ड्रिल कपाटात ठेवून देणार असेल तर ते मला मुळीच नको आहे. ज्यानं स्वतः कधी फळी कापलेली नाही, तोच भिंत म्हणजे पुठ्ठा समजतो. लांब फळीला मधे आधार दिला नाही तर ती वाकते, हे ज्यानं हातानं अनुभवलं आहे त्याला तुळई कशासाठी असते ते पुस्तकाशिवाय कळतं. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला तो याच विश्वासावर. तिथली मुलं वेल्डिंग करतात, बांधकाम करतात, वायरिंग करतात आणि त्यातून विज्ञान शिकतात. त्यांचा मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आठवी ते दहावीसाठी आपल्या राज्यातल्या शाळांपर्यंत पोचला. कांजूर-भांडुपच्या शाळांत कार्यानुभवाच्या तासाला कागदी फुलांऐवजी करवत, रंधा आणि टेस्टर दिला तर पुढची पिढी खांबाला हात लावण्याआधी थांबेल. मेन स्विच बंद करून मगच बोर्ड उघडेल. प्लाय घेताना ओलीच्या जागेसाठी ७१० क्रमांकाच्या भारतीय मानकाचा शिक्का बघेल, कारण ३०३ क्रमांकाच्या मानकाचा साधा प्लाय मोरीजवळ तितका टिकत नाही.

आणखी एक गोष्ट, जी घराबाहेर गेली की आपण विसरतो. बाथरूम फोडलं की राडारोड्याच्या पंचवीस-तीस गोण्या निघतात. ‘टेम्पोवाला बघतो’ असं सांगून आपण हात झटकतो. टेम्पोवाला कुठे बघतो? पूर्व द्रुतगती मार्गापलीकडे मिठागरं आणि तिवरं आहेत, तिकडे रात्री कोण बघणार! पावसाचं पाणी साठायची जागा तीच, आणि ती भरली की पाणी वस्तीत शिरतं. महापालिका फोन केल्यावर राडारोडा उचलून नेते, त्याचं शुल्क लागतं, दहिसर आणि शिळफाटा इथे त्यावर प्रक्रिया होते. सात-आठ लाखांच्या कामात ते शुल्क जड वाटतं, याला कंजूषपणा म्हणतात. पैसे हातात ठेवण्याआधी टेम्पोवाल्याकडून राडारोडा कुठे टाकला याची पावती मागा.

सोसायटीच्या कमिटीकडून मला एकच काम हवं आहे, आणि ते येत्या सर्वसाधारण सभेआधी व्हावं. इमारतीचा आरसीसी नकाशा बिल्डरकडून किंवा महापालिकेच्या दप्तरातून मिळवा. प्रत्येक प्रकारच्या फ्लॅटमधले खांब, तुळया आणि भार पेलणाऱ्या भिंती त्यावर लाल रंगानं दाखवा. त्याची प्रत प्रत्येक घरात द्या, एक लिफ्टशेजारी लावा, आणि सामान वर न्यायला लिफ्ट वापरू देण्याआधी कंत्राटदाराची सही त्या लाल नकाशावर घ्या.