भिंगवाले काका

‘खोटी!’ हा शब्द काका ज्या सुरात उच्चारतात, त्या सुरात इतर माणसं ‘मुलगा झाला’ असं सांगतात.

असा एक गृहस्थ बहुतेक जिल्ह्याच्या गावी असतो. कुणी नाणी बघतो, कुणी पत्रिका. आमच्या रत्नागिरीतले बंदुका बघतात. सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी घड्याळजीचं भिंग. स्वतःकडे मात्र एकही बंदूक नाही. ‘बाळगली की माया बसते, आणि माया बसली की ठसा दिसत नाही,’ हे त्यांचं तत्त्वज्ञान. काकूंचं म्हणणं निराळं. परवान्याच्या अर्जाला जन्माचा दाखला जोडायचा होता, तो काकांना स्वतःलाच संशयास्पद वाटला.

कोकणात बंदुकांना तोटा नाही. रानडुकरांपासून शेत राखायला ठासणीची बंदूक आणि तिच्यासाठी शेतीसंरक्षणाचा परवाना, हे इथल्या कितीतरी घरांतलं नेहमीचं. निवडणूक लागली की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. सरकारच्या लेखी ती आचारसंहिता, काकांच्या लेखी प्रदर्शन. रांगेतल्या शेतकऱ्याला ‘जरा घोडा इकडे कर रे’ म्हणत ते उन्हात उभे असतात. पण साध्या ठासणीच्या बंदुकीत त्यांचा जीव रमत नाही. तिच्यावर बहुधा ठसाच नसतो, त्यामुळे ती खोटं बोलूच शकत नाही. काकांना लागते ती राणीच्या मुकुटाची, कंपनीच्या सिंहाची, माजघराच्या भिंतीवर पणजोबांच्या फोटोशेजारी टांगलेली.

संगमेश्वराकडच्या एका घरी अशी एक होती. यजमान म्हणाले, ‘पणजोबांना राणीनं बक्षीस दिलेली.’ घोड्याच्या पट्टीवर मुकुट, त्याखाली ‘व्ही. आर.’ आणि साल १८३५. काकांनी भिंग लावलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

‘व्हिक्टोरिया गादीवर आली १८३७ साली. १८३५ ला ती सोळा वर्षांची पोर होती हो! गादीवर तिचा काका होता, चौथा विल्यम. पुतणीनं काकांच्या नकळत बंदूक वाटली की काय?’

‘कारागिराची चूक झाली असेल.’

‘एकच असती तर पोटात घातली असती. हा स्क्रू बघा.’ स्क्रूच्या माथ्यावर फुलीची खाच होती. ही खाच अमेरिकेत १९३०च्या दशकात निघाली. राणी तर १९०१ सालीच वारलेली.

मग काका ठशाकडे वळले. हा त्यांचा खास प्रांत, आणि इथे ते बसायला पाटसुद्धा मागून घेतात. कारखान्यात पोलादावर ठसा ठोकला की धातू कडेला दबून किंचित वर येतो. अक्षर नंतर कोरलं तर तसं होत नाही, छिन्नीची रेघ तेवढी दिसते. जुन्या ठशावर पुढे गंज चढतो आणि अक्षरं झिजतात. इथे गंजाच्या खड्ड्यातही अक्षराच्या कडा ताज्या होत्या. ‘खऱ्या ठशाला गंज खातो. इथं ठशानं गंज खाल्लाय,’ काका म्हणाले आणि चहा मागितला.

पेशावर-कोहाट वाटेवरच्या डोंगरात, दर्रा आदमखेलला, ब्रिटिश रायफलींच्या नकला करणाऱ्या कारागिरांच्या पिढ्या झाल्या. इंग्रजी वाचता न येणारा हात ठसा उमटवी, मग एखादा ‘एन’ उलटा पडे, नाहीतर व्हिक्टोरियाच्या मुकुटाखाली ती वारल्यानंतरचं साल येई. या लोकांबद्दल काका आदरानं बोलतात. ‘त्यांची बंदूक निदान उडायची. ही तर शोभेची!’

आठवड्याभरानं मी त्या घरी गेलो तर बंदूक भिंतीवर जागच्या जागी. कहाणी मात्र सुधारली होती. आता ती पणजोबांना राणीच्या काकांनी दिलेली होती.

मला विचाराल तर काकांचं वैर बंदुकीशी नाहीच, कहाणीशी आहे, आणि रत्नागिरीत कहाण्यांना काय कमी? इथे जी वस्तू कुठून आली ते कळत नाही ती थिबा राजाची. ब्रह्मदेशचा हा राजा १८८६ पासून १९१६ साली मरेपर्यंत इथे इंग्रजांच्या नजरकैदेत होता. ‘थिबाची रायफल’ असं कुणी म्हटलं की काका शांतपणे विचारतात, ‘ज्याला फौज पाठवून गादीवरून उतरवला, त्याच्या हातात पुन्हा रायफल दिली? आणि काडतुसं कुणाकडे होती, जेलरकडे?’

त्यांचा दुसरा शत्रू म्हणजे इथली हवा. नवी वस्तू जुनी दिसावी म्हणून बाजारात नवसागर लावतात, मातीत पुरतात. आमच्याकडे एवढे कष्ट लागत नाहीत. मांडवी किनाऱ्याच्या खाऱ्या वाऱ्यावर दोन पावसाळे काढले की खिडकीची जाळीसुद्धा शिवकालीन दिसते.

आंब्याच्या दिवसांत हेच भिंग ‘रत्नागिरी हापूस’ छापलेल्या पेट्यांवर फिरतं. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण काकांचा भरवसा पेटीच्या तळाच्या रद्दीवर. वर्तमानपत्र कानडी निघालं की निकाल लागला.

त्यांना गप्प झालेलं मी एकदाच पाहिलं. समोर फिरंग तलवार होती. परदेशी पात्याला मराठ्यांत मोठा मान, म्हणून आपले लोहार त्या काळीच घरच्या पात्यांवर इटलीतल्या जिनोआच्या दातेरी चंद्रकोरी उमटवीत. काकांनी भिंग लावलं, ‘खोटी!’ म्हणाले, आणि थबकले. ठसा खोटा खरा, पण तो खोटेपणा पेशवाईतला.

‘म्हणजे किंमत आहे ना?’ मालकानं विचारलं.

‘आहे,’ काका कसंबसं म्हणाले आणि चहा न घेता उठले.

तुमच्या घरी अशी बंदूक असेल तर काकांना जरूर बोलवा. त्याआधी परवान्याचं बघा, कारण दुरुस्त करूनही चालणार नाही अशीच जुनी बंदूक १९५९च्या शस्त्र कायद्यातून सुटते. राणीचा ठसा खरा की खोटा, याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही. आणि पणजोबांचा फोटो तेवढा आत नेऊन ठेवा. त्याच्यामागे स्टुडिओचा शिक्का असतो.