संत्राकाका

उदास माणूस दिसला की काही लोक विचारपूस करतात, काही वाट बदलतात. आमचे संत्राकाका थेट त्याच्या नाकाचा ताबा घेतात.

काका मूळचे नागपूरचे. बँकेतून निवृत्त झाले आणि मुलाकडे कोथरूडला राहायला आले. निवृत्तीनंतर कोणी पत्रिका बघायला लागतो, कोणी होमिओपॅथीच्या गोळ्या वाटतो. काकांनी सुगंधी तेलांचा डिफ्यूझर धरला. सुनेने वाढदिवसाला दिलेले हे यंत्र तिने पुढे अनेकदा परत मागून पाहिले. पण तोवर काकांच्या दिवाणखान्याचा दवाखाना झाला होता. काचेच्या कपाटात जिथे इतरांच्या घरी ट्रॉफ्या असतात, तिथे तपकिरी बाटल्या ओळीने उभ्या राहिल्या.

"तोंड काहून पाडून बसला राजा?" हा त्यांचा तपासणीचा पहिला प्रश्न. उत्तराची गरज नसते. मन खट्टू असेल तर संत्रे, आळस असेल तर लिंबू, डाएटने चिडचिड होत असेल तर ग्रेपफ्रूट, आणि सासरची माणसे मुक्कामाला येणार असतील तर बर्गमॉट. बर्गमॉट हे इटलीच्या दक्षिण टोकाला, कलाब्रियात पिकणारे फळ. अर्ल ग्रे चहाला वास याच्याच सालीच्या तेलाचा, हे काका पाहुण्यांना सांगतात, तेव्हा काकू आतून आले ठेचण्याचा आवाज मुद्दाम मोठा करतात.

वॉचमन दुपारी पेंगतो म्हणून काकांनी त्याच्या केबिनमध्ये लिंबाचा प्रयोग केला. झोप मोडल्यामुळे तो दिवसभर सगळ्यांवर खेकसत राहिला. संध्याकाळी काकांनी त्याला संत्रे सुरू केले.

यंत्राला कोणी ‘वाफेचं मशीन’ म्हटले की काका दुखावतात. "वाफ नाही बाप्पा, धुकं हाय हे!" मग आतली चकती सेकंदाला लाखो वेळा कशी थरथरते, पाण्याचे आणि तेलाचे बारीक कण न तापवताच कसे उडतात, याचे निरूपण होते. यंत्राच्या माहितीपत्रकात मोजकेच थेंब सांगितले आहेत. पण नाकाची खोड अशी की, तोच वास काही मिनिटे घेतला की त्याला तो जाणवेनासा होतो. काकांना वाटते, तेल संपले. ते आणखी थेंब टाकतात. काका "अजून काहीच येऊन नाही राहिलं" म्हणत असताना चौथ्या मजल्यावर लोक खिडक्या उघडत असतात.

काकांचा जावई डॉक्टर. त्याने एकदा २००८ सालचा अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचा अभ्यास सांगितला. लिंबाच्या तेलाच्या वासाने माणसांचा मूड सुधारला. मात्र जखम लवकर भरणे, प्रतिकारशक्ती वाढणे असा काही फायदा आढळला नाही. काकांचे कान अर्धविरामापर्यंतच काम करतात. ‘सुधारला’ ऐकून ते उठले आणि जावयाच्या खुर्चीखाली डिफ्यूझर ठेवून आले.

सगळ्यात नाजूक मुद्दा बाटलीवरच्या लेबलाचा. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे काका स्वतःच्या पदवीइतक्या अभिमानाने सांगतात. पुण्याच्या मंडईतल्या कुठल्याही संत्र्याला ते संत्रे मानत नाहीत. आणि त्यांच्या लाडक्या बाटलीवर बारीक अक्षरात छापले आहे: उगम, ब्राझील. तिथे रसाचे प्रचंड कारखाने आहेत, उरलेल्या सालीतून तेल निघते आणि ते जगभर जाते. काकूंनी चष्मा लावून हे मोठ्याने वाचले. "सालच पिळायची व्हती तर घरी काय कमी व्हती?" काका म्हणाले, "संत्रा नागपूरचा खायचा असतो. हुंगायला परदेशी चालते."

नातीच्या शाळेचा सूर्यमालेचा प्रकल्प मात्र अजून कोणी विसरलेले नाही. थर्माकोलचे ग्रह रंगवून वाळत ठेवले होते. परीक्षकांचा मूड चांगला राहावा म्हणून काकांनी गुरूवर संत्र्याच्या तेलाचे चार थेंब सोडले. या तेलाचा बहुतांश भाग म्हणजे लिमोनिन, आणि ते थर्माकोल विरघळवते. बघता बघता सगळ्यात मोठ्या ग्रहाला खड्डा पडला आणि तो शनीपेक्षा लहान झाला. नात रडायला लागली. काकांनी डिफ्यूझर लावला.

दुसऱ्या मजल्यावरच्या मांजरीमुळे त्यांच्यावर एकमेव बंधन आले. मांजरांच्या यकृताला ही तेले नीट पचवता येत नाहीत, असे पशुवैद्याने बजावल्यावर काकांनी लगेच दार बंद ठेवायला सुरुवात केली. मांजरीबद्दल त्यांच्या मनात तेव्हापासून आदर आहे. "इमारतीत तिलेच एकटीले ‘नाही’ म्हणता येते," असे काकू म्हणतात.

वार्षिक सभेत काकांनी लिंबू लावले होते, हेतू असा की पार्किंगवरून भांडण होऊ नये. सभासद नेहमी तासाभरात थकून घरी जातात. त्या दिवशी सगळे टवटवीत राहिले. कोणी जुन्या टाकीच्या गळतीचा हिशोब काढला, कोणी गच्चीवरच्या पापडांचा. रात्री अकराला सचिवांनी राजीनामा दिला. "किती उत्साह होता!" काका समाधानाने म्हणाले.

तरीही त्यांचा उपाय फोल आहे, असे म्हणवत नाही. त्यांच्या दारावरून जाताना आता प्रत्येक जण आठवणीने हसतो. तोंड पाडले तर पाऊण तास आत बसावे लागते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. इमारतीत उदास चेहरा सापडेनासा झाला आणि काकांचा उपाय लागू पडला.

अडचण एवढीच झाली की रुग्ण नसल्यामुळे काकाच उदास झाले. संत्रे झाले, लिंबू झाले, बर्गमॉटही झाले. गडी खिडकीत बसून. शेवटी काकूंनीच बायकांच्या भिशीत विषय काढला आणि पाळ्या ठरल्या. दर रविवारी एका घराने तोंड पाडून काकांच्या दारावरून जायचे. आत बसायचे, खोल श्वास घ्यायचा आणि निघताना "आता जरा बरं वाटतंय काका" म्हणायचे. काकांची तब्येत महिनाभरात सुधारली.

या रविवारी माझी पाळी आहे. दुःख कुठले सांगावे ते ठरत नाही. पाणीकपात गेल्या वेळी देशपांडेंनी वापरली आणि सांधेदुखी काकांच्या खात्यात येत नाही.