चकारसम्राट

मे महिन्यात चाकरमान्यांची मुलं देवरुखात उतरली, की वाडीवाडीत एकेक चकारसम्राट गादीवर बसतो. वय दहाच्या आसपास, गुडघ्याला खपली, खिशात काजूच्या बिया. मुंबईची चुलत-मावस फौज पडवीत गोळा करून तो आधी शपथ घालतो, मग दीक्षा देतो. शब्दाचं पहिलं अक्षर उचलायचं, शेवटी नेऊन ठेवायचं, आणि पुढे 'च' लावायचा. कुठे म्हणजे 'चठेकु', डबा म्हणजे 'चबाड'. 'मी' आणि 'तू' मात्र 'चमी', 'चतू' होऊन उघडेच राहतात, आणि चहाचं 'चहाच' झालं की सरबत हवं असणाऱ्यांची पंचाईत होते. पण शंका विचारणाऱ्याला टोळीत जागा नसते.

मोठ्यांना हे जन्मात कळणार नाही, याबद्दल सम्राट निर्धास्त. त्याच पडवीत त्याच्या बापानंही याच भाषेत कैऱ्या पाडायचे बेत केले होते, हे त्याच्या गावीही नसतं.

पूर्वी दलाल गिऱ्हाइकासमोर नंदभाषेत भाव ठरवत. एक म्हणजे केवली, दोन म्हणजे अवारू, रुपया म्हणजे भुरका. तिथे प्रश्न पोटाचा होता. आमच्या सम्राटाकडे गुपित सहसा नसतंच, लपवायची हौस तेवढी दांडगी. आणि लपवतोय हे चारचौघांना दिसायलाही हवं! म्हणून मार्लेश्वरला जाणाऱ्या एसटीत त्याचा आवाज चढतो. कंडक्टर तिकिटं फाडता फाडता शांतपणे म्हणतो, "चढेपु चरास." टोळी अवाक. सम्राट खुलासा करतो, "त्यांना डेपोत शिकवतात."

एरवी घात होतो तो डोंबिवलीच्या धाकट्या भावामुळे. "चजीआ चपलीझो," सम्राट कुजबुजतो. "चळ्यावरमा चठसा." धाकटा बोटांवर अक्षरं मोजतो, ओठ हलवतो आणि कोडं सुटल्याच्या आनंदात ओरडतो, "आजी झोपली! माळ्यावर साठ!"

संध्याकाळी फणसाच्या साठांचा डबा माळ्यावरून गायब. फितूर कोण, याची चौकशी न्हाणीमागे बसते. कामकाज अर्थातच 'च'मध्ये. धाकटा प्रत्येक प्रश्न आधी मोठ्यानं सोडवतो, मगच उत्तर देतो.

"डबा फडताळात ठेवलाय," आतून आजी सांगते, "पण जेवण झाल्यावर."

सम्राट टोळीकडे वळतो. "उद्यापासून 'र्फ'ची भाषा."