स्वतःच सही केलेला दाखला
कुंभकोणमच्या सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर गणितज्ञ रामानुजन यांचं घर जपून ठेवलंय. ज्या संख्यांत हा माणूस आयुष्यभर रमला, त्यांतल्याच मूळ संख्यांवर 1977 साली आरएसए नावाचं कुलूप घडलं आणि पुढे ते ब्राउझरच्या दारावर बसलं.

त्याच गावातल्या एका लॉजमध्ये वायफाय रुसलं. मॅनेजरांनी डिग्री कॉफी पुढे सरकवली. “सार, तुम्हीच बघा.” ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला, 192.168.1.1. नाव अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन. राउटरच्या बुडाला छापलेला. म्हटलं, निदान एचटीटीपीएसने तरी जाऊ. ब्राउझर किंचाळलाच: कनेक्शन खाजगी नाही! खरंच होतं. राउटरने आपल्या सचोटीचा दाखला स्वतःच सही करून दिला होता. (आपल्याकडे तेवढ्यावर माणसं निवडून येतात, ब्राउझर मात्र अडून बसतो.)

“पुढे जा सार, ते रोजच येतं,” मॅनेजर म्हणाले.

वायफाय सुरू झालं. जाता जाता लांबलचक नवा पासवर्डही घालून दिला. वायफायचा नव्हे, अ‍ॅडमिनचा. सकाळी पाहतो तर तो काउंटरमागच्या फळ्यावर खडूने लिहिलेला, इडलीच्या भावाखाली.