तीर्थरूप अवाहक कूलंट यांस

ती. कूलंट महाराज यांस मु. पो. मोहने येथून शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

आपल्या निळ्या बाटलीवर 'नॉन-कंडक्टिव्ह' हे बिरुद ठळक छापलेलं असतं. आपण संगणकाच्या नळ्यांतून फिरता आणि गळलात तरी मदरबोर्डच्या केसालाही धक्का लागत नाही, अशी ख्याती आहे. शंका एवढीच, की हा आपला स्वभाव आहे की बाटली उघडण्याच्या मुहूर्तापुरता अवतार? कारण आपण मुळात बहुतांशी पाणीच, फार तर जोडीला थोडं ग्लायकॉल. अतिशुद्ध पाणी वीज जवळजवळ वाहूनच नेत नाही, हे खरं. २५ अंश सेल्सिअसला त्याची वाहकता सेंटिमीटरला ०.०५५ मायक्रोसीमेन्स असते. पण पाण्याला संगत लागते. नुसत्या हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळला तरी आकडा एकच्या आसपास जातो. मग तांब्याचा ब्लॉक, पितळी जोड आणि रेडिएटरात राहिलेला सोल्डरिंगचा फ्लक्स यांच्यातून महिनोन्महिने फिरल्यावर काय होणार? त्यात गंज रोखायला आपल्या पोटात घातलेली द्रव्यंही बऱ्याचदा क्षारच. मोहन्याला हे समजावायला नको. डोंगरातून निघालेली उल्हास नदी आणि इथे नाल्यांचं पाणी पोटात घेऊन जलपर्णी पांघरलेली उल्हास, नाव एकच.

चंद्रपूरला आहेत तसल्या ५०० मेगावॉटच्या जनित्रांत पाणी चक्क हजारो व्होल्टच्या पोकळ तांब्यातून वाहतं. तिथे बिरुद वाचून कुणी निर्धास्त झोपत नाही. पाण्याचा काही भाग सतत क्षार पकडणाऱ्या रेझिनमधून गाळतात आणि वाहकता मोजणारा मीटर अखंड जागा असतो. म्हणजे अवाहकता विकत आणून भागत नाही, ती रोज राखावी लागते. घरच्या संगणकात ना रेझिन, ना मीटर.

आपले भक्त म्हणतील, गळती बहुधा पहिल्या भरणीलाच होते आणि तेव्हा तर महाराज ताजे असतात. अर्धं मान्य. पण थेंब ग्राफिक्स कार्डावर पडतो तो पंख्याने आणून बसवलेल्या धुळीत, आणि त्या धुळीतले क्षार तो तिथल्या तिथे विरघळवतो. त्यापेक्षा बाकी सगळ्याची वीज तोडून, जोडांखाली टिश्यू पेपर अंथरून, नुसता पंप दिवसभर चालवावा. कागद कोरडा राहिला की झालं. दुसरे म्हणतील, खरे अवाहक द्रव असतातच की! असतात. १९८५चा क्रे-२ महासंगणक फ्लुओरिनर्टमध्ये बुडवलेला होता. पण किलोमागे त्या द्रवाची उष्णता सामावण्याची ताकद पाण्याच्या साधारण पावपट, आणि ते बनवणाऱ्या थ्रीएमने तर २०२२ साली असल्या रसायनांचं उत्पादन २०२५अखेर बंद करण्याचं जाहीर केलं. खनिज तेल स्वस्त, पण दाट. छोट्या पंपाचा दम काढतं आणि काही रबरी सील फुगवतं.

तेव्हा गंज आणि शेवाळ रोखणारे म्हणून आपलं स्वागत आहे, त्याचे पैसेही देऊ. अवाहकतेचे वेगळे मागू नका. नपेक्षा इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आहेच, वर गंज आणि शेवाळाची ही दोन औषधं मात्र हवीत. एसीतून ठिबकणारं पाणी चालणार नाही, ते कॉइलवरची घाण घेऊन उतरतं. आणि तांब्याच्या शेजारी अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर बसवला, तर त्यातून लागणारा गंज पुरता रोखणं आपल्यालाही कठीण.

कळावे. विसर्जन वर्षाकाठी होईल, उल्हासात नव्हे.