स्वप्नपट, निळी किल्ली आणि नाहूरचा प्रेक्षक

ज्या रहस्यपटात ‘खून कोणी केला’ याचे उत्तर मिळण्याऐवजी ‘खून झाला तरी का’ आणि ‘ही बाई मघाचीच का’ असे आणखी दोन प्रश्न पदरात पडतात, त्याला स्वप्नपट म्हणता येईल. साधा रहस्यपट आणि स्वप्नपट यांतला फरक शेवटच्या रिळात कळतो. राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’मध्ये (१९६४) शेवटी सगळा उलगडा होतो, त्यावरून १९६६ साली हिंदीत ‘मेरा साया’ निघाला, त्यातही होतो. असा चित्रपट संपला की प्रेक्षक अंधारात चपला चाचपतो, घालतो आणि घरी जातो. स्वप्नपट संपल्यावरही तो चपला चाचपतो, पण त्या आपल्याच आहेत याची त्याला खात्री वाटत नाही.

मराठी माणसाचे रहस्याचे शिक्षण बाबूराव अर्नाळकरांच्या हाताखाली झाले. त्यांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या आणि वाचकाला एक खोड लावून ठेवली: शेवटच्या पानावर हिशेब चुकता झालाच पाहिजे. उधारी चालणार नाही. या वळणाच्या प्रेक्षकासमोर स्वप्नपट ठेवला की तो पहिला अर्धा तास पुरावे गोळा करतो, दुसरा अर्धा तास ते जपून ठेवतो आणि शेवटी ते कोणाकडे जमा करायचे हे न कळल्याने चिडतो. रंगभूमीवर मात्र याच प्रेक्षकाने हे सहन केले आहे. सतीश आळेकरांच्या ‘बेगम बर्वे’मध्ये (१९७९) कोणाचे स्वप्न कुठे संपते आणि दुसऱ्याचे कुठे सुरू होते, हे हातात धरून दाखवता येत नाही. पण तिथे मध्येमध्ये नाट्यपदे आहेत. पद सुरू झाले की मान डोलावता येते आणि समजण्याचा प्रश्न तेवढ्यापुरता मिटतो. चित्रपटात ही सोय नाही.

या प्रकारातला सर्वांत नावाजलेला नमुना म्हणजे डेव्हिड लिंच यांचा ‘मलहॉलंड ड्राइव्ह’ (२००१). कान महोत्सवात लिंच यांना त्यासाठी दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले, तेही जोएल कोएन यांच्याबरोबर विभागून. आणि २०१६ साली बीबीसीने जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतला तेव्हा एकविसाव्या शतकातला सर्वोत्तम चित्रपट म्हणून हाच पहिला आला. त्याचा गोंधळ काही अंशी जन्मजात आहे. तो मुळात दूरचित्रवाणी मालिकेचा पहिला भाग म्हणून चित्रित झाला होता. मालिका म्हटली की धागे सोडून ठेवायचे असतात, पुढच्या दोनशे भागांत ते कोणीतरी बांधतो. अमेरिकेतल्या वाहिनीने तो भाग नाकारला. लिंच सांगत असत, की वाहिनीच्या एका अधिकाऱ्याने तो भल्या पहाटे, उभ्याउभ्या, कॉफी पीत आणि फोनवर बोलत पाहिला होता. पुढे फ्रेंच कंपनीने पैसे घातले, नवी दृश्ये चित्रित झाली आणि सुटलेल्या धाग्यांना शेवट मिळाला. डीव्हीडी आली तेव्हा तिच्यासोबत लिंच यांनी दहा सूचना दिल्या: लाल लॅम्पशेड कुठे दिसते ते पाहा, झगा, ॲशट्रे आणि कॉफीचा कप यांच्याकडे लक्ष द्या, वगैरे. त्या वाचल्यावर ज्यांना थोडेफार कळले होते तेही बुचकळ्यात पडले.

अशा चित्रपटाच्या प्रेक्षकाचा अभ्यास नाहूरमध्ये करावा, याला कारण आहे. मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंड यांच्यामध्ये नाहूर स्थानक २००६ साली सुरू झाले. त्याआधी इथला माणूस एकतर भांडुपला उतरून पुढे येई किंवा मुलुंडला उतरून मागे येई. जलद लोकल आजही इथे थांबत नाही. घाईच्या माणसाला आपले घर खिडकीतून मागे पळताना दिसते. जागा विकायची असली की ती मुलुंडमध्ये असते, घ्यायची असली की ‘तसं भांडुपच म्हणायचं ते’ असे बोलून भाव पाडला जातो. लग्नपत्रिकेवर एक पत्ता, रिक्षावाल्याला दुसरा. ‘मलहॉलंड ड्राइव्ह’मध्ये नेओमी वॉट्स आधी बेटी असते आणि नंतर डायेन, नटी एक आणि नावे दोन. हे समजून घ्यायला नाहूरकराला परदेशी समीक्षकाची गरज पडू नये. प्रत्यक्षात पडते, आणि ती का पडते हेच पाहण्यासारखे आहे.

हा चित्रपट नाहूरमध्ये पाहिला जातो तो घरी, टीव्हीवर. एका नमुनेदार बैठकीची मांडणी अशी: चित्रपट लावणारा मुलगा, वय पस्तिशीचे, विषयाचे वाचन झालेले; त्याची बायको, जी कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत बसणार आहे; नातू, ज्याला अभ्यास आहे म्हणून तो इथे आहे; आणि आजी. आजी मूळच्या सिंधुदुर्गातल्या. मांडीवर ताट, ताटात गवार. इंग्रजी येत नाही, चष्मा लांबचा.

पहिल्या तासात मुलगा दर दहा मिनिटांनी चित्र थांबवून माहिती देतो. अपघातात स्मृती गेलेली एक बाई, तिला आसरा देणारी एक गुणी मुलगी, पर्समध्ये नोटांची पुडकी आणि एक निळी किल्ली. आजी एवढेच विचारतात की, ही मुलगी इतकी चांगली कशी. ‘‘पहिल्याच दिवशी एवढं यश? आणि परक्या बाईला घरात? खरं नाही वाटत.’’ मुलगा म्हणतो, ‘‘आई, पुढे बघ.’’

पुढे एक प्रसंग येतो, जो मराठी बैठकीत कोणीच पाहत नाही. सुनेला कुकर आठवतो, नातवाला तहान लागते, आणि मुलगा रिमोट उचलून चित्र पुढे ढकलतो. अशा वेळी बोट नेहमीच घाबरलेले असते, त्यामुळे ते गरजेपेक्षा जास्त पुढे जाते. चित्र थांबते तेव्हा दोघी एका नाटकघरात बसून रडत असतात आणि पर्समधून निळी पेटी निघते. ही पेटी कुठून आली? ढकललेल्या भागात ती असणार, असे सर्वांनाच वाटते, पण मागे जाऊन पाहण्याचा प्रस्ताव कोणी मांडत नाही. कित्येक घरांत हा चित्रपट ‘न कळलेला’ म्हणून नोंदला गेला आहे तो या एका जागेमुळे. रात्री सगळे झोपल्यावर मुलगा एकट्याने तो भाग पाहतो, तेव्हा त्याला कळते की पेटी तिथेही नव्हती.

पेटी उघडते आणि त्यानंतर चित्रपट उलटापालटा होतो. तीच नटी आता विस्कटलेल्या केसांनी एका कळकट घरात उठते. दुसरी बाई आता मोठी नटी आहे आणि हिला सोडून चालली आहे. मुलगा वही काढतो. वहीत दोन रकाने, मध्ये बाण. नातू म्हणतो, दोन विश्वं आहेत. सून स्वयंपाकघरातून विचारते, ‘‘संपला का?’’

तेवढ्यात पडद्यावर ही बाई एका हॉटेलात बसून एका माणसासमोर दुसरीचा फोटो ठेवते, मग पैशांनी भरलेली पर्स दाखवते. तो माणूस तिला एक निळी किल्ली दाखवतो. आजी गवारीची शीर ओढत म्हणतात, ‘‘सुपारी दिली हिनं.’’

‘‘आई, ते इतकं सोपं नसतं. किल्ली हे नेणिवेचं प्रतीक आहे.’’

‘‘कसली नेणीव! काम झालं की किल्ली दिसेल, असं ठरलंय त्यांचं. आधीचं सगळं हिच्या मनातलं. जिला मारायला लावलं तीच आपल्या दारी आलीय, आपल्यावाचून तिचं चालत नाही, आपलं सगळीकडे कौतुक होतंय. असं व्हायला हवं होतं हिला. झालं नाही. आता झोप कशी लागेल?’’

‘‘पण आई, ती किल्ली उघडते काय?’’

पडद्यावरची बाई त्या माणसाला नेमके हेच विचारते आणि तो नुसता हसतो. आजी हसत नाहीत. त्या उरलेली गवार आत नेऊन देतात.

चित्रपटाचा बहुसंख्य अभ्यासकांनी मान्य केलेला अर्थ आजींनी सांगितला तोच आहे: पहिले जवळजवळ दोन तास हे पश्चात्तापाने पोळलेल्या डायेनचे स्वप्न, उरलेले तिचे वास्तव. यात चमत्कार काही नाही. फोटो, पैसे, किल्ली या तिन्ही वस्तू पडद्यावर आहेत, त्यांना भाषा लागत नाही. संवाद समजत नसल्यामुळे आजींनी माणसे काय करतात तेवढेच पाहिले. संवाद समजणाऱ्यांचे लक्ष, माणसे काय म्हणतात आणि त्याचा अर्थ काय असावा, यात गुंतून पडले.

चित्रगृहात चित्र थोडे बदलते. लाल बहादूर शास्त्री मार्गावर भांडुपच्या बाजूला काय किंवा मुलुंडच्या बाजूला काय, मॉलमधल्या पडद्यावर स्वप्नपट क्वचित येतो आणि आला की मध्यंतरासकट येतो. ऐन भ्रमाच्या मध्यावर दिवे लागतात आणि समोसा विकत घ्यावा लागतो. पहिली मते इथेच बनतात, आणि सॉसच्या पुडीशी झटताना बनलेले मत माणूस सहसा सोडत नाही. ‘ह्याला कॅन्सर आहे, लिहून घे’ असे एकदा रांगेत बोलून झाल्यावर उत्तरार्ध हा त्या कॅन्सरची वाट पाहण्यात जातो.

अनुराग कश्यप यांचा ‘नो स्मोकिंग’ (२००७) या बाबतीत सर्वांत कमनशिबी ठरला. स्टीफन किंग यांच्या सिगारेट सोडवणाऱ्या एका भयंकर संस्थेवरच्या कथेचा त्याला आधार होता. जॉन अब्राहमच्या पात्राचे नाव नुसते ‘के’, त्याला स्वप्नात सायबेरियाचा बर्फ दिसतो, परेश रावलचे बाबा बंगाली तळघरात ‘प्रयोगशाला’ चालवतात आणि आयेशा टाकिया बायकोही असते नि सेक्रेटरीही. नाव वाचून समाजप्रबोधनाच्या अपेक्षेने गेलेला प्रेक्षक मध्यंतरात सिगारेट ओढायला बाहेर आला आणि त्यातले काही परत आत गेले नाहीत. समीक्षकांनी झोडपले, पैसा बुडाला. नंतर हळूहळू या चित्रपटाचा पंथ तयार झाला. आता तो थिएटरात पाहिला होता आणि तेव्हाच आवडला होता, असे सांगणारे एवढे भेटतात की ते सगळे त्या वेळी गेले असते तर चित्रपट रौप्यमहोत्सवी ठरला असता.

इतर प्रतिक्रियांत वेगळेपण कमी आहे. कोणी पैसे मोजतो: तिकीट, पार्किंग, पॉपकॉर्न, आणि ‘यात दोन वेळा रत्नागिरी झालं असतं’. कोणी बाहेर पडताच मोबाइलवर अर्थ सांगणारा व्हिडिओ लावतो आणि घरी पोचेपर्यंत त्याला पहिल्यापासून सगळे कळलेले असते. कोणी ‘ज्याचा त्याने लावावा अर्थ’ म्हणतो. हा माणूस मधला पाऊण तास बाहेर फोनवर होता. झोपणाऱ्याची दखल मात्र घेतली पाहिजे. दिवसभर लटकून प्रवास केलेला माणूस थंड हवेत आणि अंधारात झोपणारच. तो अधूनमधून जागा होतो, दोन दृश्ये पाहतो, पुन्हा झोपतो आणि मधल्या जागा स्वतःच्या स्वप्नांनी भरतो. त्याने सांगितलेल्या कथेत साहेबही येतात आणि गावची विहीरही, पण ती पूर्ण असते, तिला शेवट असतो, आणि ती ऐकायला शेजारचे थांबतात.

मराठीत या जातीचा चित्रपट म्हणजे आदिश केळुसकर यांचा ‘कौल’ (२०१६). रोहित कोकाटे यांची त्यात मुख्य भूमिका. कोकणची पार्श्वभूमी, एक खून, त्यानंतरचा एक अनाकलनीय अनुभव, आणि प्रश्न विचारायला सवड मिळेल इतकी संथ दृश्ये. भांडुप ते मुलुंड पट्ट्यात कोकणातली वस्ती मोठी, आणि कोकणी माणसाला कौल म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. देवाच्या अंगाला पाकळ्या लावतात, गाऱ्हाणे घालतात. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. कधीकधी कोणतीच पडत नाही. तेव्हा गुरव पुन्हा गाऱ्हाणे घालतो, मंडळी थांबतात, कोणीतरी तंबाखू मळतो. ‘देवाला अर्थच नाही’ असे म्हणून कोणी उठून जात नाही, की पाच गुणांपैकी दीड गुण देत नाही. देवळात तासभर थांबणारा हाच माणूस चित्रगृहात उत्तरासाठी दोन मिनिटे थांबायला तयार नसतो. कदाचित देवळात तिकीट नसते म्हणून.

लिंच यांनी आपल्या चित्रपटाचा अर्थ शेवटपर्यंत सांगितला नाही. मुलाखतकारांनी वीसहून अधिक वर्षे विचारून पाहिले; ते हसून हवापाण्याबद्दल बोलत. जानेवारी २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले, त्यामुळे आता विचारायला कोणी उरलेले नाही. ज्यांच्या शंका अजून शिल्लक आहेत त्यांनी वही बाजूला ठेवून घरातल्या म्हाताऱ्या माणसाशेजारी बसून तो एकदा पाहावा, आणि रिमोट त्यांच्या हातात द्यावा.