शंभर टक्के खाण्यालायक

केकमध्ये घालायचं इसेन्स बाजारात ज्या छोट्या बाटलीत मिळतं, तिच्यावर हिरवा ठिपका असतो. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका तरुण उद्योजकाने मात्र त्याचा अर्थ ‘निर्धोक’ असा लावला, आणि निर्धोकचा अर्थ ‘ओढायला हरकत नाही’ असा. नाव विचारू नका. सदरातली पोरं बिननावाचीच बरी. चिरंजीव बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहेत, म्हणजे त्यांना रसायनशास्त्र येतं, असं त्यांच्या आईचं मत आहे.

सिगारेटला त्याने कधी हात लावला नाही. खर्रा घोटणाऱ्यांकडे तो तुच्छतेने बघतो. त्याच्याकडे एक पेनासारखं यंत्र आहे. ते कुठून आलं हे विचारायचं नसतं. त्यात भरायचा द्रव तो घरीच बनवतो. आईच्या केकच्या डब्यातलं बटरस्कॉच आणि आजीच्या टाचांच्या भेगांसाठी मेडिकलमधून आणलेलं ग्लिसरीन, असा हा स्वदेशी कुटिरोद्योग चालतो. आई म्हणते, पोरगं किचनमध्ये लक्ष घालायला लागलं. आजी म्हणते, माझी बाटली कुठं गेली?

मी काळजीने चार शब्द बोलायला गेलो, तर तो हसला. “काका, हे खायचं इसेन्स हाय. केकमंदी टाकतेत, आइस्क्रीममंदी टाकतेत. पोटाले चालते त छातीले काहून नाही चालनार?”

प्रश्न बिनतोड आहे. त्याच न्यायाने नाकातून वरण-भातही चालायला हवा.

“अन् निकोटीन?” मी विचारलं.

“छ्या! आपन व्यसनाच्या इरोधात आहो.”

आता या व्यसनविरोधी कार्यकर्त्याला कायदा कोण सांगणार? केंद्र सरकारने 18 सप्टेंबर 2019 रोजी ई-सिगारेटवर बंदीचा वटहुकूम काढला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळं बंद. बनवण्या-विकण्याच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षं आणि पाच लाख. आणि व्याख्येतच लिहिलंय की, द्रवात निकोटीन असो वा नसो, तापवून ओढायची वाफ निघाली की झालं. म्हणजे आमचा बटरस्कॉचवाला नीतीने निर्व्यसनी आणि कायद्याने कारखानदार.

गंमत अशी की, हा कायदा चौकातल्या पानठेल्यासमोरून मान खाली घालून जातो. तिथे बिडीचं बंडल उघड मिळतं, फक्त वेष्टणाची 85 टक्के जागा भयंकर चित्राने व्यापलेली असते. ते चित्र गिऱ्हाईक अंगठ्याने झाकतं. गुटखा राज्यात 2012 पासून बंद आहे. म्हणून आता पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची एक पुडी अशा दोन घ्याव्या लागतात आणि मिसळायचे कष्ट गिऱ्हाइकाला पडतात. मुंबईतल्या कमला मिलच्या आगीनंतर 2018 मध्ये हुक्का पार्लरही बंद झाले. प्रत्येक बंदीने आपल्याला काही ना काही घरी बनवायला शिकवलं आहे. सरकारला याचं श्रेय कुणी देत नाही.

बंदीची ही परंपरा जुनी आहे. जहांगीर बादशहाने 1617 साली तंबाखू बंद केली होती. ती दरबारात आली होती त्याच्या बापाच्या काळात. असद बेग नावाच्या माणसाने ती विजापुराहून नेऊन अकबरापुढे ठेवली. (मोर्णेकाठचा आपला असदगड ज्याच्या नावाचा, तो असद खान वेगळा, औरंगजेबाचा वजीर. त्याच्या माथी हे पाप नको.) बादशहाने झुरके घेतले, तेवढ्यात हकीम आडवा आला. म्हणाला, या पाल्याबद्दल आमच्या ग्रंथांत काही लिहिलेलं नाही, हुजुरांनी हे घेऊ नये. त्यावर असद बेगने युक्तिवाद केला की, फिरंगी लोक काही इतके मूर्ख नाहीत, त्यांच्यातही शहाणे आहेत, त्यांनी पाहूनच घेतलं असेल. अकबर खूश झाला, पण नादी लागला नाही. सरदार मात्र लागले.

चारशे वर्षांनी जुन्या शहरात मी तोच युक्तिवाद ऐकला. “फॉरेनमंदी सगळेच करतेत काका. ते काय येडे हायेत?”

येडे नाहीत. म्हणूनच त्यांनी हिशोब लिहून ठेवला आहे.

अमेरिकेत मिसुरी राज्यात जॅस्पर नावाचं लहानसं गाव आहे. तिथे मायक्रोवेव्हमध्ये फोडायच्या पॉपकॉर्नचा कारखाना होता. मोठ्या टाकीत सोयाबीनचं तेल तापवायचं, त्यात मीठ आणि लोण्याच्या वासाचं इसेन्स घालायचं आणि ते मिश्रण मक्यासोबत पाकिटात भरायचं. सोयाबीन आपल्याकडेही पोत्यांनी पिकतं, त्यामुळे या कारखान्याबद्दल मला उगाच आपुलकी वाटते. तर 2000 साली तिथल्या आठ माजी कामगारांना एकच दुखणं असल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं. श्वास आत जाई, पण बाहेर पडेना. फुफ्फुसातल्या अगदी बारीक नळ्यांना व्रण पडून त्या कायमच्या आकसल्या होत्या. ब्रॉन्किओलायटिस ऑब्लिटरन्स. हे एरवी क्वचित दिसणारं दुखणं एकाच कारखान्यात आठ जणांना! काहींची नावं फुफ्फुस बदलण्याच्या यादीत लागली.

सरकारी तज्ज्ञ आले, त्यांनी हवा मोजली. टाकीजवळ मिश्रण करणाऱ्यांना सगळ्यात जास्त त्रास होता. संशय गेला डायअॅसिटिल या द्रव्यावर. लोण्याला जो लोण्याचा वास येतो तो त्याचाच. खायला ते बिनधोक म्हणून रीतसर मान्यता मिळालेलं. पॉपकॉर्न खाणाऱ्यांचं काही बिघडलं नाही, टाकीवर वाकून त्याची वाफ घेणाऱ्यांचं बिघडलं. इसेन्स तेच, फक्त वाट वेगळी.

पोट म्हणजे बाजार समितीचं गेट आहे. गाडी थांबते, माल उतरतो, तपासला जातो, वाईट तेवढा परत फिरतो. तिथे आम्ल आहे, मागे यकृत बसलेलं आहे, आणि अगदीच नाही झेपलं तर उलटी आहे. फुफ्फुसाला गेट नाही. तिथे कोट्यवधी हवेच्या पिशव्या, त्यांचा पडदा एका मायक्रॉनहून पातळ, आणि पलीकडे थेट रक्त. हिरवा ठिपका पाहायला तिथे कुणी बसलेलं नाही. अमेरिकेतल्या सुगंधी द्रव्य बनवणाऱ्यांच्या संघटनेनेच जाहीर सांगून टाकलं आहे की, आम्ही दिलेली सुरक्षिततेची ग्वाही खाण्यापुरती आहे, ओढण्यासाठी नाही. माल विकणाराच ‘असं वापरू नका’ म्हणतो, हा प्रसंग आपल्याकडे दुर्मीळ. त्याचं तरी ऐकायला हवं होतं.

हिशोबाचं दुसरं पान. चेहऱ्याला लावायच्या व्हिटॅमिन ई च्या हिरव्या कॅप्सूल पाहिल्या असतील. त्यातलं व्हिटॅमिन ई अॅसिटेट गिळलं तरी चालतं, चोळलं तरी चालतं. अमेरिकेत गांजाच्या अर्काच्या ओढायच्या द्रवात दाटपणा यावा म्हणून भेसळवाल्यांनी तेच घातलं. 2019 च्या उन्हाळ्यापासून धडधाकट तरुण पोरं धापा टाकत दवाखान्यात येऊ लागली. फेब्रुवारी 2020 पर्यंत आकडा 2,807 रुग्ण आणि 68 मृत्यू इथवर गेला.

हे सगळं मी त्याला सांगितलं. तो ऐकत होता, हे कबूल करायला हवं. श्रावणात तो कावडीला जातो. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी भरायचं आणि भरणे, म्हणजे भरलेल्या घागरी, खांद्यावर घेऊन अनवाणी राजराजेश्वराच्या मंदिरापर्यंत यायचं. त्याला छातीची किंमत कळायला हवी म्हणून मी तो मुद्दाही काढला. “यंदा दम लागला का रे?”

“लागला. पन ते उकाड्यानं.”

मग तो बराच वेळ गप्प बसला. मला वाटलं, पटलं. शेवटी म्हणाला, “म्हंजे काका, भानगड लोन्याच्या वासाची हाय. बराबर?”

“बरोबर.”

“त मंग बटरस्कॉच बंद! आजपासून अननस.”

2015 साली हार्वर्डच्या संशोधकांनी 51 प्रकारचे तयार द्रव तपासले. 39 मध्ये डायअॅसिटिल निघालं, आणि त्या 51 मध्ये फळांच्या चवीचेही होते. हे मी सांगणार होतो. पण तोवर तो गाडीला किक मारून निघाला होता. दुकान बंद व्हायची वेळ झाली होती, आणि अननसाच्या बाटलीवरही हिरवा ठिपका असतोच.